बोलायला कोण आहे?

बाबा : मग कानांचं काय म्हणाले डॉक्टर?

लेक : कान ठणठणीत आहेत, बाबा. काही दोष नाही.

बाबा : मग हाक मारली तर ठकी वळून का बघत नाही? अडीच वर्षांची झाली, अजून धड 'आई' म्हणत नाही.

लेक : त्यांनी विचारलं, मोबाइल किती वेळ असतो हातात? मी म्हटलं, जेवताना, थोडासा. तेवढ्यात बाईसाहेबांनी माझ्या पर्समधून तो बरोबर शोधून काढला. काढून घेतला तर मनगटाला चावली. हे बघा.

बाबा : अगं, दात उमटलेत की!

लेक : डॉक्टरांनी तेही कागदावर लिहून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाबा : म्हणजे मला बोल लावतेयस.

लेक : कुठं लावतेय?

बाबा : मग काय करू, तूच सांग. गुडघे हे असे. मी खुर्चीतून उठेपर्यंत ती जिना गाठते. त्या दिवशी गॅसपाशी गेली, तेव्हा काळजाचं पाणी झालं माझ्या. तेव्हापासून मोबाइल देतो. तो हातात असला की जागची हलत नाही.

लेक : माहितेय हो. मीही देतेच की. दिवसभर ऑफिसच्या त्या खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. 'हो साहेब, बघते मॅडम.' घरी आल्यावर तोंड उघडायचं त्राण नसतं. तिला फोन देते आणि भिंतीकडे बघत बसते.

बाबा : जावईबापू तिकडे बोटीवर नोकरीला. तेही भेटतात ते मोबाइलच्या काचेतच.

लेक : डॉक्टरांनी विचारलं, घरात तिच्याशी कोण बोलतं?

बाबा : तुझी आई बोलायची. माझ्यावर कधी वेळच आली नाही. ती गेल्यावर... राहूनच गेलं.

लेक : आजपासून मोबाइल बंद करा म्हणालेत. काही दिवस घर डोक्यावर घेईल म्हणे.

(आतल्या खोलीत काहीतरी आपटतं. मग जोरात रडणं.)

लेक : घेतलंच.

बाबा : देऊन टाक गं. घसा बसेल पोरीचा.

लेक : नाही, बाबा. मी बाहेरच्या दाराला वरची कडी लावते. तुम्ही तिच्यामागे धावू नका. इथंच खाली बसा. येईल ती.

बाबा : आणि येऊन? मला काही गोष्टीबिष्टी येत नाहीत.

लेक : हातात जे असेल ते सांगा.

बाबा : हातात मटार आहेत.

लेक : मग मटार.

बाबा : ये गं ठके. ही बघ शेंग. इथं दाबायची... फट्! उघडली. आत कोण बसलंय? हा ढब्बू, हा त्याचा बारका भाऊ... फेकलीस? बरं, फेक. दुसरी घेऊ.

लेक : बोलत राहा.

बाबा : ती बघतेय कुठं माझ्याकडे?

लेक : रडायची थांबलीय.

बाबा : दमली असेल.

लेक : असू दे. बोला.

बाबा : काय बरं... तुझी आजी ना ठके, सोलता सोलता निम्मे मटार कच्चेच खायची. मी ओरडलो की माझ्याच तोंडात मूठभर कोंबायची. मग दोघंही चोर.

लेक : हे मला कधी सांगितलं नव्हतंत.

बाबा : हं. जरा सरक तिकडे. तिला बसायला जागा दे.