केरोबांचा घास

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. भुकेल्या माणसापुढं ताट वाढलं – की आपलं काम झालं का? बोला! पुढचे काका मान हलवताहेत, झालं म्हणून. काका, तुमच्या घरी वाढतं कोण? काकू ना? मग तुमच्या उत्तराला मी काय किंमत द्यायची? बसा, आता गोष्टच ऐका.

एका नदीकाठच्या गावात केरोबा राहायचे. बाजारात हमाली करून संसार केलेला माणूस. ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घ्यायचे आणि वर लोकांशी गप्पा मारत चालायचे. आता ऐंशी उलटलेली, बायको मागंच गेलेली. घरात मुलगा निवृत्ती, सून मंदा आणि लग्नाला आलेली नात. मंदा मायेची. सासऱ्याचं पान आधी, मग बाकीच्यांचं.

तर झालं काय, केरोबांना जेवताना ठसका लागायला लागला. पाण्याचा घोट घेतला – ठसका. भाकरीचा तुकडा तोंडातल्या तोंडात फिरतोय, मागं जातच नाही. निवृत्ती म्हणायचा, आबा, सावकाश जेवा. आणि लगेच, आबा, आटपा, भांडी घासायची राहिलीत. हसू नका! तुमच्या घरी काय वेगळं बोलतात?

मंदानं विचार केला, दात नाहीत, तेव्हा पातळ द्यावं. भाकरी आमटीत कुस्करली. ठसका थांबेना. मग पेज केली. तरी थांबेना. मग पेज आणखी पातळ, नुसतं पाणीच म्हणा. आणि मंडळी, जेवण जितकं पातळ होत गेलं तितका ठसका वाढत गेला! मायेपोटीच करत होती हो, पण उलटं होत होतं. आणि हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

मग केरोबा म्हणायला लागले, मला भूक नाही. गावजेवणालाही जाईनात. त्या गावात रीत अशी, की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगतीतून कुणी उठायचं नाही. रीत चांगलीच आहे. पण सगळी पंगत हात वाळवत आपल्या तोंडाकडं बघत बसलीय, आणि आपला घास काही खाली उतरत नाही – कसं वाटेल? लाज वाटायची त्यांना. ते घरीच बसायचे.

माणूस वाळत चालला. आता गाव गप्प बसेल? नळावर बायका बोलायला लागल्या, सून म्हाताऱ्याला उपाशी ठेवते. ते मंदाच्या कानावर आलं. घरी येऊन ती केरोबांपुढं बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "आबा, माझं काय चुकतंय ते सांगा. पण जेवा."

तेव्हा कुठं केरोबांनी तोंड उघडलं. "पोरी, भूक लागते गं. घास मागं जात नाही. गिळायची भीती वाटते मला."

ऐकलंत? इतके दिवस घरात सगळे विचारत होते, जेवलात का? गिळता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मंदानं त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी केरोबांना पाण्याचा घोट घ्यायला लावून गळा बघितला. मग जिभेवर एक चपटी काडी ठेवून म्हणाल्या, आजोबा, जिभेनं ही वर ढकला. केरोबांनी जोर लावला. काडी हलेना! पोती उचलणारा माणूस, आणि एवढीशी काडी हलेना.

मंडळी, आत्ता बसल्या जागी आवंढा गिळून बघा. गिळा, लाजू नका. जीभ टाळूला लागली ना? घास गोळा करायचा, टाळूला दाबायचा, मागं ढकलायचा – सगळं तिचं काम. दंडाचं बळ वयानं उतरतं तसं तिचंही उतरतं. दंड दिसतो, ही दिसत नाही. आणि पातळ पदार्थ धावत सुटतो, दुबळ्या जिभेला तो आवरत नाही, भलत्या वाटेला जातो. बाईंनी सांगितलं, यांना दाट द्या, ताठ बसवा, लहान घास द्या, घाई करू नका. आणि रोज जीभ टाळूला दाबायचा व्यायाम. हे केरोबांना तपासून सांगितलेलं, बरं का! घरी जाऊन मनानं सुरू करू नका. आधी दाखवा.

केरोबा ओट्यावर बसून जीभ दाबायचे. हळूहळू ठसका कमी झाला, अंगावर मांस आलं. पण वेग काही आला नाही. तो येणारही नव्हता.

पुढं नातीचा साखरपुडा ठरला. घरी पंगत. केरोबा म्हणाले, मी आतच जेवतो. मंदानं हाताला धरून आणलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. वाढणं झालं, जेवणं झाली. सगळ्यांची पानं रिकामी, आणि केरोबांचा भात अर्धा. कुणी खाकरलं, कुणी घड्याळ बघितलं. व्याही मंडळी बसलेली! केरोबांच्या लक्षात आलं, त्यांनी घाईघाईनं मोठा घास उचलला. निवृत्ती खाली मान घालून बसलेला.

मंदाच्या हातात भाताचं भांडं होतं. घरची सून, वाढणारी, सगळ्यांच्या शेवटी जेवणारी. तिनं भांडं खाली ठेवलं. सासऱ्याच्या शेजारी पान मांडलं आणि पुरुषांच्या पंगतीत मांडी घालून बसली. वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला, अगदी सावकाश. म्हणाली, "आबा, माझं आत्ताच सुरू झालंय. तुम्ही घाई करू नका."

केरोबांनी हातातला मोठा घास पानात ठेवला आणि लहान केला. निवृत्तीनं मान वर केली आणि स्वतःच्या पानावर आणखी भात मागितला. त्या दिवशी केरोबांनी सगळं पान संपवलं.

आता तुमच्याकडं वळतो. घरी जाल, जेवायला बसाल. तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांच्या मागं जेवून उठत असेल. तुम्ही उठल्यावर त्याच्या पानाशेजारी कोण असतं हो? मला सांगू नका. आठवा फक्त. आता इथंही प्रसादाची पंगत आहे. वयानं मोठे आधी बसतील, आणि त्यांच्यातला शेवटचा उठेपर्यंत मी त्याच्या शेजारी जेवत बसणार आहे. ज्याला घाई असेल त्यानं खुशाल उठावं, पण माझ्या डोळ्यांत बघून उठावं.