जाळं ओढायचं गाणं

...स्वप्न नव्हे ते, पोरी. उजाडता उजाडता गात होता तो आमचाच म्हातारा, जोआकिनो. झोपमोड झाली ना? होणारच. खोली देतानाच सांगायला हवं होतं मी, पण सांगितलं की माणसं राहत नाहीत. बस, कॉफी घे. या बेटावरच्या टूना-जाळ्याचा म्होरक्या होता तो, शेवटचा. मे महिन्यात टूना जाळ्यात शिरला की हा नावेत उभा राहून एक ओळ म्हणायचा, नि बाकीचे पुढची ओळ म्हणत जाळं वर ओढायचे. उत्तर आलं नाही तर ओढायचं नाही, अशी रीत. म्हणून आता धक्क्यावर बसून एक ओळ म्हणतो नि थांबतो — उत्तर आल्याशिवाय घरी यायचं नाव नाही, पोटात घास नाही.

आणि उत्तर देणार कोण? फ्रान्सची, स्पेनची, आमच्या इटलीचीसुद्धा मोठाली जहाजं भर समुद्रातच अख्खी झुंड वेढतात — जिवंत टूना पिंजऱ्यात घालून माल्टाला ओढत न्यायचा, चारून चारून पोसायचा नि जपानला धाडायचा. कुणी किती धरायचा ते तिकडे ब्रसेल्समधे युरोपचे साहेब ठरवतात. आमच्या वाट्याला उरतं त्यात जाळं टाकणंही परवडत नाही. मग पोरं गेली माल्टाला. आमचा लेक कालोजेरोही गेला — पिंजऱ्यात बुडी मारून मेलेले मासे वेचायला. काय गळा होता त्याचा, बापाच्या ओळीला पहिला आवाज त्याचाच... होता म्हणाले का मी? हो, होता. जाळ्यात पाय अडकला, वर आला तो त्या मेलेल्या माशांसारखाच आला.

आज दुपारच्या बोटीने आमची रोझालिया येतेय, बापाला पलीकडे त्रापानी शहरात न्यायला. डॉक्टर गोळ्या देणारेत, गाणं थांबेल म्हणे. मीच मागे लागले होते तिच्या — गेल्या मे महिन्यात हा उपाशी राहून नुसता काडी झाला होता. पण यंदा — यंदा रोज घरी येतोय, पोरी. येतो नि पोटभर जेवतो. म्हणजे काय? म्हणजे उत्तर मिळतंय त्याला. मला वाटलं, वेड वाढलं. मग एका पहाटे मीच दार उघडून उभी राहिले... आई आहे मी, लेकाचा आवाज मला कळत नाही होय? आज पहाटे तू खिडकीत होतीस ना? खरं सांग. एकच आवाज ऐकलास? नीट आठव. एकच?

बरं. एकच तर एकच. आवर तुझं सामान, दुसरी खोली बघ. आणि धक्क्यावर रोझालिया भेटली तर तिला सांग, घरात कुणी नाही म्हणावं.