पहिल्या नारळाची ओळ

नाही, बस. हे उभ्याउभ्या बोलायचं काम नाही, नम्रता — आणि तो लॅपटॉप मिटू नकोस. सुदेशला उद्यापासून येऊ नको म्हणण्याआधी एकदा अडलेल्या नोंदींची यादी बघा, असंच ना? बघतो. पण आपल्या संग्रहाचा नियम घातला कुणी? मी. गावोगावची गाऱ्हाणी इथे जमा होतात. त्यांच्या पाठातला एक शब्द हलवला तरी बदल संग्रहात जमा करताना, तुझ्या भाषेत ‘कमिट’ करताना, नोंद हवी — काय बदललं, का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून. यात नवं ते काय? देवळात गाऱ्हाणं घालणारा तरी दुसरं काय करतो? आधी देवाला हाक, मग काय घडलं, कुणासाठी, मग मागणं — एक पायरी गाळली तर जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नाही, गप्प राहतो. तुझ्या प्रोग्रामनं तेवढंच करायचं. नोंद अर्धी, तर बदल आत नाही.

आणि सुदेशनं दोन वर्षं पाठ टंकताना नोंदीत काय लिहिलं? ‘बदल केला.’ ‘परत बदल.’ एकदा तर ‘जेवून येतो’ — हसू नकोस, मी हसलो नव्हतो. म्हणूनच गेल्या गुरुवारी, राधाबाईंना त्यांनी सांगितलेल्या गाऱ्हाण्याचा पाठ रिवाजाप्रमाणे वाचून दाखवताना, त्यांनी हात वर करून विचारलं, “माझी वळ खंय गेली, मास्तरांनू?” — तेव्हा ओळ गाळल्याबद्दल मी सुदेशचं नाव घेतलं. ज्याच्या नोंदींना धड अर्थ नाही, त्याच्यावरच संशय जाणार. आपण केव्हा काय केलं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

तू जुन्या नोंदींनाही नियम लावलास. कुणी सांगितलं होतं? — बरं, मीच. ‘सगळ्यांना सारखा’ हे शब्द माझेच. किती अडल्या? एकशे बारा. एकशे अकरा सुदेशच्या. आणि ही एक, ‘किरकोळ दुरुस्ती’ — इथे नाव माझं आहे.

किरकोळच होती ती ओळ. जत्रेला पहिला नारळ ठेवायचा मान गावातल्या बाबलीच्या घराण्याचा — इतकंच. एका बाईच्या तोंडचा पाठ, दुसरा पुरावा नाही. शंका घेण्याचा अभ्यासकाला अधिकार असतो — मग ती शंका नोंदवायची होती, हे तू बोलली नाहीस तरी कळतं मला. माझ्या ग्रंथात तो मान आमच्या घराण्याचा आहे, मुळापासूनचा. वीस वर्षं विद्यार्थी तेच वाचताहेत. दर जत्रेला नारळ माझा पुतण्या ठेवतो. राधाबाई सांगत होत्या, आमच्या आजोबांनी तो कसा ओढून घेतला, आणि मी रेकॉर्डर बंद — नाही, बंद केला नाही. ध्वनिमुद्रण आहे. तेवढं तरी मी राखलं.

उघड ती नोंदीची चौकट. काय बदललं — वगळलेली ओळ परत घातली. कुणाच्या सांगण्यावरून — राधाबाईंच्या. का —

‘का’ रिकामं ठेवलं तर घेत नाही ना? ‘किरकोळ’ लिहून बघ. नाही घेणार, तो शब्द नाकारायच्या यादीत मीच घातला होता.

दे इकडे, मी लिहितो. तू नीघ आता. सुदेश बाहेर बाकावर बसला असेल, त्याला सांग, उद्या — नको. तू काही सांगू नकोस, नुसतं आत पाठव. आणि दार उघडंच राहू दे.