श्रीच्या वरचा ठिपका

न्हाई न्हाई, चहा राहू द्या श्रीपतराव, बसवकल्याणातून निघताना घेतलाय – तुम्ही तुमचं दावं वळा, मी आपला इथं ओट्यावर टेकतो. अंबिका आत हाय न्हवं? असू द्या, हाक मारू नका, आधी तिच्या बापाशी बोलावं म्हटलं. कालच्या मेळाव्याचं हो. तुम्ही मागं बसला होता, बघितलंच – तिनं बनवलेलं शाळेचं पान पडद्यावर उघडलं, अन् मराठी न्हाई, कन्नड न्हाई, नुसत्या किडे-मुंग्या. सोलापूर-कलबुर्गीहून आलेली जुनी पोरं समोर, अन् हेडमास्तरचं, माझं, नाव कुणाला वाचता येईना. माणूस गडबडतो की न्हाई? गडबडतो. माईक हातात होता, तोंडातून निघून गेलं – पोरीनं घोळ घातला, अर्धवट शिकलेल्याला काम दिलं की असंच होतंय. लोक हसले. मीबी हसलो.

आता घोळ कशाचा, तेबी सांगतो. त्या फाइलच्या अगदी डोक्यावर एक खूण असती – पानावर दिसत न्हाई, पण ब्राउजरला सांगती की बाबा, पुढची अक्षरं अमुक पद्धतीनं वाच. ती गेली की अक्षरं तीच राहतात, पण यंत्राला ती उमगत न्हाईत. काल सकाळी मी फाइल उघडली. कामून? तर वर 'श्री' नव्हतं. आपण साधी वाणसामानाची यादी करताना बी आधी श्री लिहितो, अन् शाळेचं पान बिनश्रीचं? लिहायला गेलो तर सगळ्यात वर एक तांबडा ठिपका. श्रीच्या डोक्यावर कुणी काही बसवतं का? पुसला, श्री लिहिलं, सेव्ह केलं, अन् समाधानानं मेळाव्याला आलो. मला काय ठाऊक, तीच ती खूण – म्हणजे, तिनं सांगितलं होतं म्हणा. 'सर, काहीबी लिहा, पण त्या ठिपक्याच्या खाली लिहा.' सांगितलं होतं. पण माझ्याच हाताखाली अ-आ गिरवलेली पोर मला शिकवणार – जाऊ द्या.

मी आलो ते कामाला. आपला भीमण्णा, शाळेचाच जुना विद्यार्थी, तिला कलबुर्गीत त्याच्या हापिसात घेणार होता, तो काल नोकरीचं काही न ठरवताच निघून गेला. तर अंबिकानं आधी पान नीट करून द्यावं, मग मी त्याला म्हणतो, पोरीनं चूक सुधारली – म्हणजे चूक तिची न्हाई, पण बोलायची एक रीत असती. मान कामून हलवायलात? थांबा, फोनवर दाखवतो काय अवस्था हाय ती –

अक्षरं नीट हायत की. सगळी. वर श्रीबी हाय, मी लिहिलेलं, जसंच्या तसं. कवा केलं तिनं? अन् खाली 'मांडणी – अंबिका' असं होतं, ते कुठं गेलं? तिनंच काढलं?

मला लाज वाटायलीय श्रीपतराव. उठू नका, भीमण्णाला लावतो, तुमच्यासमोरच लावतो – हॅलो, भीमण्णा? अच्युतराव बोलतोय. नीट पोचलास न्हवं? व्हय, ते कालचं... व्हय, आता नीट झालंय पान. कुणी? आपलं ते... बसून करून घेतलं मी. बरं, बरं. ठेवतो.

श्रीपतराव, आत कामून निघालात? एवढं ऐका तरी – कडी कामून लावायलात?