यावेळी उपस्थित होते

भांडणाची बातमी मला आवडते, हे मी तुमच्यापासून कधी लपवलं नाही. पण निलंग्याच्या त्या मेळाव्याचं सांगताना आजही मान खाली जाते.

भूकंपानंतरचं वर्ष होतं. पक्ष एवढासा, आणि त्यात गट दोन. पक्षाच्या कार्यकर्त्या सुमनबाई बेघरांच्या पत्र्याच्या शेडांतून एकट्याच फिरल्या आणि भूकंपात गेलेल्या आपल्या गावच्या माणसांची यादी करून आणली. श्रद्धांजलीला ती वाचायची होती.

एक गट म्हणाला, "यादी अध्यक्ष वाचतील."

दुसरा म्हणाला, "का? सरचिटणीस मुके हायत का?"

माईकची ओढाताण झाली आणि मेळावा उधळला. सुमनबाईंनी ती यादी माझ्या हातात दिली. "भाऊ, तुम्ही तरी छापा."

मी भांडण रंगवून लिहिलं. कुणी रुसायला नको म्हणून शेवटी रिवाजाप्रमाणे 'यावेळी उपस्थित होते' लिहून दोन्ही गटांची झाडून सगळी नावं दिली. यादीला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई पेपर घेऊन आल्या. त्या नावांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "भाऊ, हे तर सगळे जिते हायत. ह्यांची कशाला छापलीत?"