पांडूच्या बंदुकीची तक्रार

अरे, रानडुकरं भात तुडवायची म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ पांडू, दोघांनी परवाने काढून एकाच कंपनीच्या नव्या बंदुका आणल्या. माझी पहिल्याच दिवशी धडाड उडाली. पांडूची मात्र चाप ओढला की नुसतं टक करायची. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पांडूनं शहापूरला जाऊन एसटीडी बूथवरून कंपनीला फोन लावला. आठवड्यात कंपनीचा साहेब जीप घेऊन थेट त्याच्या अंगणात हजर! सगळा गाव गोळा झाला. साहेबानं चाप दुरुस्त केला, हात जोडून माफी मागितली, वर कातड्याचा पट्टा भेट दिला. तेव्हापासून लोक त्याला पांडूशेठ म्हणायला लागले. माझी बंदूक कोणी बघायलासुद्धा आलं नाय.

चार दिवस कळ काढली, मग मीपण बूथ गाठला.

"साहेब, मी पांडूच्या गावातनं बोलतो. माझी पण तुमचीच बंदूक हाय."

"बोला ना, काय होतंय?"

"उडते, साहेब."

"प्रत्येक वेळी उडते?"

"प्रत्येक वेळी."

"मग तक्रार काय आहे?"

"आता काय सांगू? तीच तर तक्रार हाय!"