चार बोटांचा ठोकळा

माझे नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याचा पत्ता वरच्या रकान्यांत घेतला आहे. वय ४७ वर्षे. धंदा गाड्यांचे सायलेन्सर बनवणे व बसवणे. बाजारात मला धुरंधर म्हणतात, कारण सगळे आयुष्य धुरात गेले. आज मंगळवारी दुपारी मी स्वतः पोलीस ठाण्यात आलो असून, विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे.

चष्मेवाले काका, वय ७१, हे माझे जुने गिऱ्हाईक आहेत. चष्म्याचे दुकान बंद केल्यावर सहा वर्षे खपून त्यांनी एका जुन्या स्पोर्ट्स गाडीची नक्कल बांधली. बॉडी फायबरची, सीट दोन, इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. गाडी मुळात बुटकी, त्यात काकांनी ती आणखी खाली बसवून घेतली. तिचे छत माझ्या कमरेच्या जरा वर येते.

मागील महिन्याच्या बारा तारखेला काका सायलेन्सर ठरवायला माझ्या वर्कशॉपमध्ये आले. अशा गाडीला दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेत इंजिनचे चारही पाइप एकत्र करून वर वळवतात आणि शेवटी छोटा डबा लावतात. तो जमिनीपासून उंच राहतो, पण आवाज मोठा. दुसऱ्या तऱ्हेत मोठा डबा इंजिनखाली आडवा बसतो. आवाज शांत, पण डबा खाली लोंबतो. एवढ्या बुटक्या गाडीला मी पहिलीच तऱ्हा सुचवतो, तशी सुचवली. काका म्हणाले, "दोन्ही लावून दाखव."

आधी पहिला सायलेन्सर तात्पुरता लावला. काका स्टिअरिंगवर बसले, इंजिन सुरू केले, मला शेजारच्या सीटवर बसवले आणि हातात वर्तमानपत्र दिले. म्हणाले, "छोट्या जाहिराती वाच. हळू आवाजात. घसा बसल्यासारखा."

मी म्हणालो, "काका, सायलेन्सर घ्यायचाय की घर?"

"वाच रे तू."

मी वाचले. काकांनी मान हलवली. "काही कळलं नाही. काढ हा." मग दुसरा लावला. मी त्याच आवाजात पुन्हा वाचले. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "तीन खोल्या, पाणी चोवीस तास, कुत्रा चालणार नाही. हाच बसव."

माझ्याकडे लाकडाचा एक ठोकळा आहे. आमच्या भागातल्या सगळ्यात उंच स्पीडब्रेकरएवढा, म्हणजे चार बोटे, मी तो तासून घेतला आहे. सायलेन्सर बसवल्यावर गाडीत माणसे बसवून तो खालून सरकवतो. ठोकळा न अडकता गेला तरच गाडी सोडतो. त्याआधी गाडीत नेहमी किती जण बसणार ते विचारून कार्डावर लिहितो. बाईकवाल्यालासुद्धा विचारतो. काकांना विचारले. ते म्हणाले, "मी एकटाच. आणखी कोण?" मी ‘एक’ असे लिहिले, काकांनी सही केली. ते एकटे बसलेले असताना ठोकळा बोटभर जागा ठेवून गेला. ते कार्ड मी हजर केले आहे.

विचारल्यावरून सांगतो की, काकांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, मी ओळखतो. गाडीचे काम चालू असताना त्या वर्कशॉपच्या फोनवर फोन करायच्या. "आमचे गाडीखाली झोपलेत का? उठवा आणि जेवायला पाठवा." फोन कानाला न लावता पलीकडच्या लेथवाल्यालाही ऐकू जायचे. त्या गाडीला त्या डबडे म्हणायच्या. त्यात कधी बसणार नाही, बसले तर उठवायला क्रेन लागेल, असे त्यांनी मलाच दोनदा सांगितले होते. मागील वर्षी त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. ऑपरेशनबद्दल मला माहीत होते.

रविवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी काकांचा मला फोन आला. ते बोलत होते, पण इंजिनच्या आवाजात मला फक्त ‘शाळेमागे’ एवढेच कळले. मी पाच मिनिटांत तेथे पोहोचलो. गाडी स्पीडब्रेकरच्या पुढे उभी होती. सायलेन्सरचा डबा तुटून मागे रस्त्यावर पडला होता. तो चुकवताना मागून येणाऱ्या कुरिअरच्या ताई स्कूटरवरून पडल्या होत्या. त्या फुटपाथवर बसल्या होत्या आणि गाडीतून उतरलेल्या काकू त्यांचा दुखावलेला हात स्वतःच्या मांडीवर धरून होत्या. मनगट मोडले आहे, असे नंतर समजले. काका सीटवरच होते. गाडी बंद करायचे त्यांना सुचले नव्हते. ती मी बंद केली.

आवाज थांबल्यावर काकू काकांना काही बोलल्या. मला ऐकू आले. काकांनी चष्मा काढून पुसला. त्या काय बोलल्या याचा घटनेशी संबंध नाही, म्हणून ते लिहून घेऊ नये अशी मी विनंती केली.

आज ठाण्याच्या आवारात साहेबांसमोर काका आणि काकूंना गाडीत बसवले. तुटलेला डबा मी हातांनी जागेवर धरला आणि हवालदारांनी ठोकळा सरकवला. ठोकळा अडकला. काकूंना खाली उतरवले, तेव्हा गेला. डब्याचे वेल्डिंग कोठेही सुटलेले नाही. तो अडकून फाटला आहे.

त्या वेळी मी काकांना विचारले, "दोघं बसणार असं का नाही सांगितलंत? मी पहिलाच, उंच राहणारा लावला असता."

काका म्हणाले, "आणि ती बसलीच नसती तर? तुझ्या कार्डावर ‘दोन’ तसंच राहिलं असतं."

साहेबांनी मला समजावून सांगितले की, कार्डावर काकांची सही असल्याने माझ्यावर काही येत नाही. दोष काकांचा ठरला तर त्यांचा गाडी चालवण्याचा परवाना जाईल आणि या वयात तो पुन्हा मिळणे कठीण आहे. दोष माझा ठरला तर माझे वर्कशॉप सहा महिने बंद राहू शकते. हे मला समजले आहे.

तरी सांगतो की, एकट्या माणसाला शांत सायलेन्सर लागत नाही. एकटा माणूस मोठा आवाज घेतो, आजवर सगळ्यांनी घेतला. त्या दिवशी शेजारच्या सीटवर बसून घसा बसल्यासारखे मी स्वतः वाचत होतो. मी कोणाच्या जागी बसलो आहे हे तेव्हाच कळायला हवे होते. खाली उतरल्यावर मी कार्डावर ‘एक’ लिहिले.

कुरिअरच्या ताईंची मी इस्पितळात भेट घेतली आहे. त्यांच्या तक्रारीबद्दल माझी काही तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "ग्राहकाने खोटी माहिती दिल्यामुळे घटना घडली" असे वाक्य आले होते. मी तसे बोललो नव्हतो. ते माझ्यासमोर खोडून त्या जागी "शेजारच्या सीटवर कोण बसणार हे मी विचारायला हवे होते, विचारले नाही" असे लिहिले. खोडलेल्या ठिकाणी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.